शपथेचा चिखल

अगं ए सायकल! घसरू नको, नीट टेक त्या बुंध्याला. हां, बस. आता ऐक. तू यायच्या जरासं आधी इथं जे झालं ना, ते कोणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही यार! तुझा मालक इथल्या यादोराव पाटलाकडं चहाला गेलाय, तो काही लवकर येत नाही. पाटलाकडचा चहा म्हणजे म्हैस शोधण्यापासून सुरुवात.

इकडंतिकडं काय पाहतेस? वर पाहा, वर. मोहाच्या फांदीला साखळीनं टांगलेला. मी रुळाचा तुकडा बोलतोय. तुझ्या मडगार्डवर गोंदियाच्या दुकानाचं नाव दिसलं तेव्हाच म्हटलं, आली आपल्या गावची! मी पण गोंदियाचाच, जंक्शनचा. लोखंडाचं बोलणं लोखंडालाच कळतं म्हणून तुला धरलं. माणसांना माझा एकच शब्द ऐकू येतो, ठण्ण. आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

पण पहिलेपासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील हा टांगलेला नुसता बडबड करतो.

गोंदियाच्या यार्डात मी छोट्या लायनीचा रूळ होतो. काय दिवस होते ते! डोक्यावरून इंजिन गेलं की अंगभर शहारा. बाजूला तांदळाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, हमालांच्या शिव्या. हिंदी, मराठी, छत्तीसगडी, सगळं एकाच वेळी कानात. मग लायनीचं काम निघालं आणि मला कापलं. मोठे तुकडे कोण्या गिरणीच्या छपराला गेले, मी हातभर उरलो. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी या कवडीटोला गावच्या म्हाताऱ्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, मला भंगारातून उचललं, बैलबंडीत टाकलं आणि इथं आणलं.

पहिल्या दिवशी वाटलं, मेलो. इथं आवाजच नाही! तळं, तळ्याची ही पार म्हणजे मातीचा बांध, खाली बांध्या म्हणजे धानाची शेतं, आणि बगळे. आता बगळा काय गप्पा मारणार?

मग ईश्वरदासनं मला पहिल्यांदा ठोकलं. आणि सगळं गाव माझ्याकडं वळून पाहायला लागलं. खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं.

ईश्वरदास इथला पाणकर. तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, ते पाहणारा माणूस. त्याच्याच खापरपणज्यांनी हे तळं बांधलं, ही पार घातली. तो तरणा असताना बंडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. घरच्यांनी छत्तीसगडकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. पाय वाचला, लंगडा का होईना. पण येताना तो येशूला घेऊन आला. गावात ही बोंब! त्याचा थोरला भाऊ उमराव म्हणाला, "पाय घेऊन गेलता, जात देऊन आला."

वाटण्या झाल्या. बायको सुशीलाबाई नवऱ्यामागं गेली. तो ज्या धुऱ्यानं, ज्या बांधावरून चालला, त्याच धुऱ्यानं आपण, तिला तेवढंच माहीत. पण पाणकरकी मात्र ईश्वरदासकडंच राहिली. कारण पाणी वाटताना त्याचा हात कधी वाकडा पडला नाही. म्हातारा मालगुजार म्हणायचा, "देव बदलला त बदलला, हात तोच आहे ना!"

पुढं मालगुजारी गेली, म्हातारा गेला, तळं कागदावर सरकारचं झालं. गावात मात्र यादोराव पाटील आणि पंच म्हणतील तसं.

आता माझं काम ऐक. वरच्या बांध्या आणि खालच्या बांध्या, अशा दोन पाळ्या. एकेक ठोका सुटा पडला की खालची पाळी. जोडीनं पडला, ठण्ण-ठण्ण, की वरची. लोक पारीकडं पाहायचेसुद्धा नाहीत. आवाज आला की आपापल्या बांधीचं तोंड उघडायचं. रूळ बोलला म्हणजे ईश्वरदास बोलला. एवढा भरवसा! तोच नडला.

पाणकराची खोपडी, म्हणजे झोपडी, पारीच्या अगदी खाली, ती बघ. म्हणून त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. त्यांना एकच पोर, शामकला. नाव आजीनं ठेवलेलं, धुरपताबाईनं. ही पोरगी मला खडे मारायची आणि आवाज आला की स्वतःच दचकायची, मग हसायची. मी मुद्दाम जरा लांब घुमायचो. मला मारून हसणारं दुसरं कोणी नव्हतं.

या साली पावसानं पोळ्यानंतर तोंडच फिरवलं. तळ्यात अर्धंच पाणी. पंचांनी ठरवलं, पाणी पहिले खालच्या बांध्यांना. बरोबरच होतं ते. खाली भारी धान असतं, उशिरा पिकणारं, ते तेव्हा पोटरीत होतं. वर रीतीप्रमाणं हलकं धान लावायचं, ते लवकर हाती येतं, त्याला शेवटचं पाणी लागत नाही. ईश्वरदासचं हलकं धान तर पिवळंधम्मक उभं होतं. पण उमरावनं हावेपायी वरच्या बांधीत भारी धान लावलं होतं. भाव जास्त ना त्याला! आता त्याचं धान उभ्या उभ्या सुकून राहिलं होतं.

त्या दुपारी शामकला तापानं फणफणत होती. मध्येच डोळे फिरवायची. ईश्वरदास तिच्या डोक्याशी बसून प्रार्थना करत होता, सुशीलाबाई फडकं भिजवत होती. खालचे लोक आपल्या बांध्यांत माझी वाट पाहत उभे.

आणि पारीवर उमराव आला.

त्यानं मला ठोकायचा लोखंडी बोल्ट बुंध्यापासून उचलला आणि हाणलं. ठण्ण-ठण्ण. ठण्ण-ठण्ण. जोडीनं! मी ओरडलो, अरे हा ईश्वरदास नाही! हा उमराव आहे! पण माझ्या तोंडून निघालं काय? ठण्ण-ठण्ण. तूच सांग, यापेक्षा वाईट काय असतं? तुझ्याच गळ्यातून दुसऱ्याचं खोटं बाहेर पडतं आणि सगळे म्हणतात, हा कधी खोटं बोलत नाही.

पाणी सोडायच्या भोकाला लाकडी बूच असतं, त्याला इथं तुडूम म्हणतात. उमरावनं वरच्या पाटाचा तुडूम उपसला आणि पलीकडच्या अंगानं उतरून गेला. ईश्वरदास लंगडत बाहेर आला, त्याला भावाची पाठ तेवढी दिसली. तो तसाच पाण्यात उतरून बूच बसवायला लागला, पण धारेच्या जोरात ते बसेना. एवढ्यात खालचे लोक धावत आले. त्यांना काय दिसलं? उघडा तुडूम आणि त्याच्यापाशी ईश्वरदास.

"काऊन रे ईश्वरदास," यादोराव म्हणाला, "वरची पाळी कोनं सांगतली तुले?"

"मी नाही वाजवला पाटील. मी घरात होतो, पोरीपाशी."

"मंग का भुतानं वाजवला?"

"त्याच्या येशूनं वाजवला असन!" मागून कोणी तरी बोललं. हशा.

तोवर उमरावही गर्दीत येऊन उभा राहिला होता. धुरपताबाई, दोघांची माय, त्याच्या बाजूला. ईश्वरदासनं त्याच्याकडं पाहिलं. "दादा, तूच सांग."

"मी?" उमराव म्हणाला. "पाहा पाटील, आता भावावर ढकलून रायला."

सुशीलाबाई खोपडीच्या दारातून ओरडली, "आमचं हलकं धान, कापाले आलं! त्याले पानी कायले पाहिजे? वरच्या पाटावर भारी धान कोनं लावलं ते पाहा ना!"

सायकल, काय मुद्दा होता! दोन-चार डोकी उमरावकडं वळलीसुद्धा. मी म्हटलं, झालं, सुटला. पण उमराव हुशार. "वाद कायले?" तो म्हणाला. "तळं समोर आहे. शपथ होऊन जाऊ द्या."

ही या गावाची रीत. पाण्याचं भांडण पाण्यातच मिटतं. गुडघाभर पाण्यात उतरायचं, तळ्याचा चिखल डोक्याला लावायचा आणि म्हणायचं, खोटं बोललो त तळ्याची देवी मले गिळो. या चिखलावर आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. म्हणून लोक तर्क लावत बसत नाहीत, चिखल पाहतात.

उमराव सरळ पाण्यात गेला. पसाभर चिखल डोक्यावर थापला. "मी खोटा असलो त देवी मले गिळो! माही माय मरो!"

धुरपताबाईनं डोळे मिटले. देवीनं काही गिळलं नाही. बाहेर आला आणि धोतर पिळत उभा राहिला.

आता ईश्वरदास. तो पाण्याच्या काठापर्यंत गेला आणि थांबला.

"पाटील, मी सांगतलं ते खरं आहे. पन चिखल नाही लावनार. तळ्यावर माहा राग नाही, माह्याच बापजाद्यांनी बांधलं. पन दुसऱ्या कोन्या देवाची आन वाहनार नाही, असं मी प्रभूले बोलून बसलो. माहा हो म्हनजे हो. माह्यापाशी तेवढंच आहे."

"देव नको मानू बे, चिखल मान!" गर्दीतून आवाज आला. पुन्हा हशा.

यादोराव काही राक्षस नाही, बरं का. तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "बाबू, हट्ट नको करू. तुही पोर बिमार आहे, मले मालूम आहे. एक बोट लाव नुसतं डोक्याले. माही बंडी जुंपून उभी आहे. दिवस बुडाच्या आत केशोरीच्या डॉक्टरपाशी पोचशीन. पन शपथ नाही त गावाचं पानी-विस्तव बंद, बंडीबी बंद. मी एकटा का करू, खालच्या लोकायचं धान मेलं."

सुशीलाबाईनं येऊन नवऱ्याचे पायच धरले. "लावा ना जी. लावा. मातीच त आहे. आंग धुतलं का निघून जाईन. पोर नाही येनार परत."

ईश्वरदास रडत होता. मोठा माणूस, सगळ्या गावासमोर, नाक पुसायचंही भान नाही. "सुशीला," तो म्हणाला, "त्याले दिलेला शब्द आज मोडला, त पोरीले वाचव म्हनून कोनाले हाक मारू?"

मला त्याचा राग आला. सांगून टाकतो. इतका राग आला की साखळी तुटून त्याच्या डोक्यात पडावं असं वाटलं. अरे लाव ना! खरं बोलण्यासाठीच तर लावायचा आहे! खोटारडा लावून गेला, तुला काय होतं?

नाही लावला.

मग त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि त्या लंगड्या पायानं केशोरीच्या रस्त्याला लागला, सुशीलाबाई मागोमाग. चैतराम शेजारी, त्याचे बैल जुंपलेले होते. त्यानं त्यांची तोंडं भिंतीकडं केली आणि उगाच चारा घालत बसला. गर्दीतली देवकाबाई तेवढी पुढं आली, शामकलाच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं. पाटलानं पाहिलं तर म्हणते कशी, "माह्या हातून पडलं जी."

इथून तो रस्ता वळणापर्यंत दिसतो. मी पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परतले. पोर खांद्यावर नव्हती. दोन्ही हातांवर आडवी होती. अर्ध्या वाटेत, नाल्यापाशीच गेली म्हणे.

इथं लहान लेकरांना नाल्याच्या काठी पुरतात. पंचांनी तिथं जाऊ दिलं नाही. मग ईश्वरदासनं आपल्याच बांधीत खड्डा खोदला. आणि सायकल, पुढचं ऐकून तुझी चेन उतरेल. ते चोरीचं पाणी वरच्या सगळ्या बांध्यांत शिरलं होतं ना? त्याच्या पिकल्या धानात तुंबलं होतं, धान आडवं झालं होतं. तेच पाणी खड्ड्यात झिरपायला लागलं. तो टोपल्यानं उपसायचा, ते भरायचं. तो उपसायचा, ते पुन्हा भरायचं. शेवटी सुशीलाबाईनं पोरीला घट्ट धरून ठेवलं आणि तो उपसत राहिला, उपसत राहिला, जमीन दिसेपर्यंत.

मग बांबूच्या दोन कामट्या बांधून क्रूस रोवला. सुशीलाबाई त्या क्रूसाकडं पाहून म्हणाली, "तुमच्या देवाले लेकरू आहे का?"

"होता," ईश्वरदास म्हणाला. "एकच. त्यालेबी असंच गावाबाहेर नेलं. खोट्या साक्षी झाल्या. सगळे हसत होते."

ती काही बोलली नाही. पुढं कित्येक दिवस नाही. त्याच्याशी नाही, देवाशी तर नाहीच.

उमराव पाणकर झाला. मला तोच ठोकायचा, हात चोरून. शपथेनंतर तो तळ्याच्या पाण्यात मात्र कधी उतरला नाही. तुडूम उघडायला दुसऱ्याला पाठवतो. लोक पानाच्या ठेल्यावर म्हणायचे, "धुरपता जित्ती आहे ना? मंग उमराव खरा." धुरपताबाई इथं माझ्याखाली येऊन बसायची आणि स्वतःशीच म्हणायची, "मी जित्ती आहो, हेच माहं नशीब फुटलं."

ईश्वरदास रोज सकाळी इथं यायचा. प्रार्थना करायचा. मी यार्डातला, हमालांची भांडणं ऐकून वाढलेला, पण असली प्रार्थना नव्हती ऐकली. भांडणच ते! "तुले दिसत नव्हतं का? एक बैलजोडी नाही देता आली तुले? बोल ना!" मग आभाळाकडं पाहायचा. मग, "नको बोलू. मी बोलनं बंद करनार नाही. तुले ऐकाच लागन." आणि उठून जायचा. उद्या पुन्हा हजर. मला पहिले वाटलं, याचा विश्वास उडाला. मग कळलं, उडालेला माणूस रोज कोणाशी भांडायला येत नाही.

एक दिवस सुशीलाबाई मागून आली. त्याच्यापासून हातभर दूर बसली. आणि इतक्या दिवसांनी बोलली. "त्याच्या बापानं का केलं? लेकरू मेलं तेव्हा?"

"भरदुपारी अंधार पडला, म्हनतात. आन बाप गप्प रायला."

"गप्प काऊन?"

"मले नाही मालूम, सुशीला. मलेबी तेच समजत नाही."

तिनं तळ्याकडं पाहिलं. "रडत असन," ती म्हणाली. "गळा भरला की कुठं बोलता येते."

ईश्वरदासनं तिच्याकडं पाहिलं, जणू ती मिशनमधल्या सगळ्या पाद्र्यांहून शहाणी आहे. त्या दिवशी प्रार्थना दोघांनी केली. तिची एकच ओळ होती. "मी रागावली आहो, आन मी इथंच आहो."

आता आजचं. म्हणजे आत्ताचं, तू यायच्या आधीचं.

परवाच म्हणे आपलं राज्य बदललं, मध्य प्रदेशातून आपण मुंबई राज्यात गेलो. पंचांचं डोकं मात्र जिथल्या तिथं. सगळे पारीवर आले. यादोराव, उमराव, धुरपताबाई, अर्धं गाव. ईश्वरदास आणि सुशीलाबाईला बोलावलं.

"ही खोपडी पाणकराची आहे," यादोराव म्हणाला. "आता पाणकर उमराव. गावात राहाचं असन त शपथ घ्या, झालं गेलं विसरलो. नाही त आजच खाली करा. बांधी भावाच्या बांधीले लागून आहे, उमरावच वाहीन ती."

सुशीलाबाईनं बांधीकडं पाहिलं. बांधीत काय आहे, ते सगळ्यांना माहीत. तिथून नांगर फिरणार.

"नवरा नाही म्हनते त तू घे बाई," पाटील हळूच म्हणाला. "त्याच्यातर्फे. तुले त कधी अडचन नव्हती. तुहं घर, तुही पोर, सगळं इथंच राहीन."

ईश्वरदासनं तिला थांबवलं नाही की ढकललं नाही. फक्त म्हणाला, "तुले जे वाटन ते कर. माहा राग नाही."

आणि ती पाण्यात उतरली!

गुडघ्याइतकी. वाकली. दोन्ही हातांनी चिखल काढला. मी वरून म्हणून राहिलो होतो, लाव, बाई, लाव, लाव! पोर वाचली नाही, निदान तिची जागा वाचव!

तिनं चिखल डोक्यापर्यंत नेला नाही. तशीच ओल्या लुगड्यानं बाहेर आली, सरळ उमरावसमोर. आता हा तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याशी बाई बोलत नाही, तोंडावरचा पदर काढत नाही. तिनं कोपरानं पदर मागं सारला.

"भासरेजी, हात पुढं करा."

तो इतका दचकला की त्यानं खरंच हात पुढं केला. तिनं त्याच्या ओंजळीत चिखल ठेवला. "हे तुमचं. त्या दिवशी लावलं होतं, ते वाळून पडून गेलं असन."

मग ती पाटलाकडं वळली. "पाटील, तुमी बंडीच्या बदल्यात शपथ मागतली. यायनं माही पोर जाऊ देली, पन शब्द नाही मोडला. मी लय रागावली. यायच्यावर, देवावर. आजबी आहो. पन देव माह्यावर रागावला नाही, हे मले समजून गेलं. त्याचंबी लेकरू खोट्या साक्षीवर गेलं. माह्या संग रडनारा तो एकच आहे. आता खोपडीसाठी त्याले सोडलं, त मी कोनापाशी रडू?"

कोणी हसलं नाही. उमरावनं चिखल झटकला. "पागल झाली."

तेव्हा धुरपताबाई उठली. काठी टेकत पुढं आली. "उमराव, तू त्या बांधीत नांगर आन. मी तिथंच बसून राहीन, नातीपाशी. माय मरो म्हनून शपथ वाहली होतीस ना? माह्या अंगावरून नांगर ने, आन पुरी कर."

सायकल, त्या क्षणी सगळ्यांना कळलं. मी वरून चेहरे पाहिले ना! चैतरामनं मान खाली घातली. यादोरावनं उमरावकडं पाहिलं, चांगलं टक लावून. मी म्हटलं, आता! आता बोलणार पाटील!

यादोरावनं घसा खाकरला. "खोपडी खाली करा," तो म्हणाला. आणि चालायला लागला.

म्हणजे बघ, कळूनसुद्धा! कळल्यावरसुद्धा! शपथ खोटी निघाली म्हटलं तर गावातली जुनी सगळी भांडणं पुन्हा उकरायला लागतील, त्यापेक्षा एक किरिस्ताव घर गेलेलं परवडलं. ती दोघं निघून गेल्यावर तू आलीस आणि तुझ्या मालकाला पाटील हसत हसत चहाला घेऊन गेला. आताही मजेत गप्पा मारत असेल.

त्यांचं सामान म्हणजे दोन गाठोडी. जाताना ईश्वरदासनं माझ्यावर हात ठेवला. ठोकलं नाही. कुठं जायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. म्हणाला, "तो नेईन तिकडं." सुशीलाबाई म्हणाली, "पहिले आज जेवाले कुठं देईन ते इचारा त्याले." आणि खरं सांगतो, दोघं हसले. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसून राहिले! त्या वळणावर तू त्यांच्या बाजूनंच आली असशील. म्हातारी तिकडं बांधीत बसली आहे, पाहा, कामटीच्या क्रूसापाशी. अजून कोणी नांगर आणला नाही.

तुझा मालक येताना दिसतोय, मिशा पुसत. लवकर बोल. मी इथं टांगल्या टांगल्या सारखा तोच विचार करून राहिलो. मी असतो ना, तर पहिल्याच दिवशी चिखल फासला असता, डोक्याला, तोंडाला, पोटाला, जिथं म्हणाल तिथं, आणि पोरीला बंडीत घातलं असतं. असं वाटतं. मग वाटतं, आणि मग आज त्या बाईसारखं सगळ्या गावाच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहता आलं असतं का मला? देव गप्प असताना त्याच्याच बाजूला उभं राहायचं, हे येडेपण आहे की काय आहे? मला सुचत नाही यार. तू गोंदियाची, चार रस्ते फिरलेली. त्या पाण्यात तू उभी असतीस, हातात चिखल, पोर बांधीत, घर हातचं जाऊन राहिलेलं, तर तू काय केलं असतंस?